फोटोखालची बारीक अक्षरं

सत्याचा शोध निर्मळ मनानंच घेता येतो. आमच्या कंपनीच्या संशोधन केंद्रात, स्वागतकक्षाच्या समोरच्या भिंतीवर, हे वाक्य पांढऱ्या संगमरवरावर सोनेरी अक्षरांत कोरलेलं आहे आणि त्याखाली आमच्या तेव्हाच्या संशोधन प्रमुखांचं नाव आहे. वाक्य माझं आहे. उद्घाटनाच्या भाषणासाठी साहेबांना काहीतरी भारदस्त हवं होतं. कंपनीची बस देहूरोडला सिग्नलला अडकली होती तेवढ्या वेळात मी ते मोबाइलवर टाइप करून पाठवलं, आणि तीन आठवड्यांनी ते दगडावर उगवलं. मी आयुष्यात जे सर्वांत चांगलं काम केलं ते याच इमारतीत केलं, आणि ते करताना माझ्या मनात निर्मळ असं काहीही नव्हतं. मला एका माणसाला त्याची जागा दाखवायची होती. संशोधन त्या ओघात झालं.

कंपनी चाकणला, महाळुंग्याच्या अंगाला. आजूबाजूला सगळे गाड्यांचे भाग बनवतात. कुणी आरसे, कुणी ब्रेक, कुणी नुसत्या रबराच्या नळ्या. आम्ही उत्प्रेरक बनवतो, म्हणजे दिसायला साबुदाण्यापेक्षा जरा मोठे पांढरे दाणे. हे दाणे दुसऱ्यांच्या रसायन कारखान्यांत एका उंच नळकांड्यात भरतात, त्यांवरून तापलेली वाफ सोडतात, आणि एका वाफेची दुसरी, जास्त उपयोगी वाफ होऊन बाहेर पडते. दाण्यांनी स्वतः बदलायचं नसतं. नोकरीतही बहुतेकांकडून हीच अपेक्षा असते.

दाण्यात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे झिओलाइटचे स्फटिक. वाळू ज्या द्रव्यांची होते त्याच द्रव्यांचे, पण आत रेणूंच्या मापाचे बोगदे असलेले. खरं काम हे बोगदे करतात. दुसरी गोष्ट माती. स्फटिक पिठासारखे बारीक असतात, ते उडून जाऊ नयेत म्हणून चिकणमातीत मळून त्यांचे दाणे पाडतात. लाडवात बेसन आणि पाक असतो तसं. स्फटिक माझे होते. त्यांची कृती बसवण्यात मी चार वर्षं घातली होती. लग्नाला चौदा वर्षं झालेला माझा नवरा तेव्हा म्हणायचा की तुझ्या बोलण्यात सगळ्यात जास्त वेळा तापमान येतं. माती कुणाचीच नव्हती. ती खरेदी विभाग मागवायचा.

काम करता करता दाण्यांवर काजळी धरते. कारखान्यात तिला कोक म्हणतात. ती धरणारच, प्रश्न फक्त किती दिवसांत एवढाच. माझ्या दाण्यांनी एक वर्ष काढायचं होतं. ग्राहकाच्या कारखान्यातून ते सहाव्या आठवड्यात पोत्यांत भरून परत आले, काळ्या मिऱ्यांसारखे.

साहेबांनी बैठक बोलावली. साहेब उंच, देखणे, आवाज भरदार. साधं "चहा घ्या" म्हणाले तरी दीपप्रज्वलन झाल्यासारखं वाटायचं. त्यांनी एक काळा दाणा दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला.

"बाईंच्या स्फटिकांनी आपल्या सर्वांची तोंडं काळी केली," ते म्हणाले.

लोक हसले. मीही हसले, कारण वीस लोक हसत असताना न हसणं म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं दिसतं. ते हसू मी विसरलेले नाही. इतरांचं विसरले.

त्या बैठकीत एक गोष्ट कुणी बोललं नाही. ती खेप बनण्याच्या थोडं आधी माती बदलली होती. साहेबांनी आमचा उत्प्रेरक "संपूर्ण स्वदेशी" असल्याचं जाहीर केलं होतं, आणि परदेशी मातीच्या जागी राज्यातल्याच एका खाणीतली माती आणली होती. स्वागतकक्षात फलक लागला, मातीनं भरलेला तांब्याचा कलश ठेवला गेला, साहेब मातीच्या ऋणाबद्दल पंचवीस मिनिटं बोलले. माती किंचित पिवळसर होती. बदलाचा एक फॉर्म असतो, त्यावर तीन सह्या लागतात आणि चाचण्या लागतात. पण कार्यक्रम शुक्रवारी होता. मी एकदा विचारलं होतं, की हिच्यात लोखंड किती आहे ते तपासलं का.

"बाई," साहेब म्हणाले होते, "मातीवर शंका घेऊ नये."

माझी बदली तळमजल्यावर गुणवत्ता विभागात झाली. तिथं मी पोत्यांवरची लेबलं तपासायची. दिवाळीनंतर ग्राहकाबरोबर बैठक ठरली होती. त्या बैठकीत माझे स्फटिक सदोष असल्याचं साहेब जाहीर करणार आणि माझी फाइल कायमची बंद होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. रावेतहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये जागा ठरलेल्या नसतात, पण कुणी कुठं बसायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी तिसऱ्या रांगेत बसायचे. बदलीनंतर आठवडाभरातच माझी जागा मागच्या चाकावर गेली, आणि तिथं जा असं मला कुणी सांगितलंही नाही. चाकणच्या रस्त्यावर मागच्या चाकावर बसलं की माणसाचे विचार एका जागी राहत नाहीत. माझा एक राहिला.

साहेबांनी घाईत एक चूक केली होती. प्रत्येक खेपेतले मूठभर दाणे काचेच्या बरणीत भरून तीन वर्षं जपून ठेवायचे, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. उद्या कुणी तक्रार केली तर पुरावा हवा. त्या राखीव बरण्यांच्या खोलीची किल्ली गुणवत्ता विभागाकडे असते. मला शिक्षा म्हणून जिथं पाठवलं होतं, तिथंच त्यांची माती बरणीत बसून होती. पहिल्याच आठवड्यात मी दोन बरण्या खिडकीत शेजारी शेजारी धरून पाहिल्या. एक पांढरी, जुन्या मातीची. दुसरी नुकत्या शिजलेल्या वरणाच्या रंगाची. पण रंग हा पुरावा नसतो.

पुरावा वरच्या मजल्यावर होता. कंपनीनं त्याच वर्षी मोठा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप घेतला होता. माणसापेक्षा उंच, वेगळ्या पायावर उभा, आणि त्याच्या खोलीत हवा इतकी संथ सोडतात की टांगलेला कागद हलत नाही. प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून तो दाण्याच्या आतला कण न् कण दाखवतो, आणि कुठं कार्बन आहे, कुठं लोखंड, याचे वेगवेगळे नकाशे काढून देतो. साहेबांनी त्याच्याबरोबर इतके फोटो काढले होते की तो घरातलाच कुणी वाटावा. त्याच्यातून पाहिलं मात्र त्यांनी एकदाही नव्हतं.

तो चालवायचा आमचा तंत्रज्ञ. जुन्या चाकणचा माणूस, पंचेचाळिशीचा. वाडवडिलांची जमीन एमआयडीसीत गेली, आणि त्याच जमिनीपासून दोन किलोमीटरवर हा आता मायक्रोस्कोप चालवत होता. इतका स्थिर हात मी दुसरा पाहिलेला नाही. त्याचंही साहेबांशी एक वाकडं होतं. मायक्रोस्कोपच्या प्रत्येक फोटोखाली एक काळी पट्टी येते. तीवर बारीक अक्षरांत नमुना कुठला, किती पट मोठा केला, तारीख, आणि फोटो काढणाऱ्याची आद्याक्षरं असतात. साहेब आपल्या स्लाइडवर फोटो घेताना ती पट्टी कापून टाकायचे आणि जागी कंपनीचं चिन्ह लावायचे. पट्टीनं चित्राची भव्यता जाते, असं त्यांचं मत होतं. त्यामुळं त्यांच्या स्लाइडवर काय दिसतंय हे कुणालाच कळायचं नाही, पण टाळ्या पडायच्या.

"आमचं नाव न्हाई ऱ्हायलं तर न्हाई," तंत्रज्ञ मला म्हणाला होता, "पन नंबर तरी ऱ्हाऊ द्या की मॅडम. नंबर गेल्यावर त्यो फोटो कशाचा, ढगाचाबी असंल."

मी त्याच्याकडे वेळ मागितला. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, लोक कॅन्टीनला गेले की, त्यानं मला पाऊण तास द्यायचं ठरलं. कशासाठी ते त्यानं विचारलं नाही. डबा मात्र खोलीबाहेरच खायचा असा त्याचा स्वतःचाच नियम होता, आणि तो माझ्यासाठीही होता.

काळा दाणा राळेत बसवून हिऱ्याच्या सुरीनं त्याचे काप काढावे लागतात, कांद्याच्या पापुद्र्याहून हजार पटींनी पातळ. असे काप केसाच्या जाडीच्या जाळीवर तरंगवून उचलायचे. पहिला चांगला काप मिळायला मला दोन आठवडे लागले. तिसऱ्या गुरुवारी पडद्यावर चित्र आलं.

माझे स्फटिक करड्या रंगात, कडा सुबक, जवळजवळ स्वच्छ. आणि त्यांच्या भोवतीच्या मातीतून काळे केस उगवलेले. कुरळे, गुंतलेले, झुबक्या-झुबक्यांनी. प्रत्येक केसाच्या टोकाला एक गडद ठिपका.

"केस हायेत मॅडम," तंत्रज्ञ म्हणाला.

"कुणाचे?"

"मातीचे."

लोखंडाचा नकाशा काढला. ठिपके उजळले. मातीतल्या लोखंडाचा एकेक कण वाफेतला कार्बन ओढून घेत होता आणि मागून केस सोडत होता, आणि त्या केसांनी माझ्या स्फटिकांच्या बोगद्यांची तोंडं बुजवली होती. स्फटिकांचा दोष इतकाच, की ते त्या मातीच्या शेजारी राहत होते.

मला आनंद झाला. ज्ञानाचा आनंद म्हणतात तो हा नव्हे. मला पडद्यावर साहेबांचा चेहरा दिसत होता. मी तंत्रज्ञाला झोत तिथंच ठेवायला सांगितलं आणि बघत राहिले.

"एका जागी लई बघू नका," तो म्हणाला. "काळं पडतंय."

हे खरं आहे. हवेतले तेलकट अंश नमुन्यावर असतातच. झोत एकाच जागी धरला की ते तिथं जळून कार्बन साठतो. बघितल्यामुळंच डाग पडतो. चौकोनी, बघण्याच्या चौकटीएवढा. मी त्याला पुढं सरकायला सांगितलं, पण मनातल्या मनात मी पुढचे तीन महिने त्याच चौकटीत होते.

एका फोटोनं साहेब पडले नसते. तुलना हवी होती: काळ्या दाण्याशेजारी दोन्ही बरण्यांतले न वापरलेले दाणे, आणि जुन्या मातीच्या चाचणीच्या खेपेतले वापरलेले. मी जिवापाड जपून चार जाळ्या तयार केल्या. त्यांवर काप धरणारा पातळ पडदा सिलिकॉनचा घेतला, कारण कार्बन शोधायचा तर पडदा कार्बनचा चालत नाही. पाच आठवड्यांचं काम एका नखाएवढ्या डबीत मावलं. डबी तंत्रज्ञाच्या कपाटात ठेवली. दिवाळीनंतरच्या बैठकीला दीड महिना होता.

मध्ये खंडेनवमी आली.

आमच्याकडं त्या दिवशी मशीन बंद असतात आणि त्यांची पूजा होते. लेथला झेंडूचे हार, फोर्कलिफ्टच्या दातांवर कुंकवाची बोटं, भट्टीपुढं नारळ. याला माझी काही हरकत नाही. माझ्या वजनकाट्याला मी स्वतः हळद लावते, आणि दसऱ्यानंतर तो महिनाभर खोटं बोललेला नाही. मायक्रोस्कोपची पूजा दारातच करायची, आत फक्त एक फूल, असं तंत्रज्ञानं आधी ठरवून ठेवलं होतं. पण साहेब रेशमी कुडत्यात आले आणि त्यांच्यामागून फोटोग्राफर आला, तेव्हा पूजा आत जाणार हे सगळ्यांना कळलं. टेबलावर पांढरं वस्त्र अंथरून चिमटे, सुरी, जाळ्यांच्या डब्या असं सगळं मांडलं होतं. माझी डबी त्यात होती, कारण तिला कपाटात ठेवलं तर हत्याराचा मान राहत नाही असं कुणीतरी म्हणालं होतं. तंत्रज्ञानं तिचं झाकण लावून ठेवलं होतं.

"हत्यारं झाकून पूजा करत नाहीत," साहेब म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं एकेक झाकण उघडलं.

मी दारात होते. आत यायचं मला आमंत्रण नव्हतं. मी म्हटलं, साहेब, त्या डबीत नमुने आहेत. ते वळले नाहीत. फोटोग्राफर उजेडाची चाचणी घेत होता.

"बाई, निदान आज तरी," ते म्हणाले.

कापराचे मोठे खडे, चांदीचं तबक, पूर्ण आरती. त्या खोलीतली हवा संथ ठेवण्यासाठी कंपनीनं विशेष यंत्रणा बसवली होती आणि ती त्या दिवशी उत्तम चालली. धूर कुठंही गेला नाही. टेबलावर बसला. आरती संपली तेव्हा फोटोग्राफर म्हणाला की व्हिडिओ उभा आला, कंपनीच्या पानावर आडवा लागतो. म्हणून पुन्हा आरती झाली. तंत्रज्ञ टाळ्या वाजवत होता आणि डबीकडे बघत होता. त्याचे हात एकमेकांना लागत नव्हते.

दसऱ्यानंतर आम्ही पहिली जाळी आत घातली. सगळीकडं काळे मणी. एकमेकांना चिकटलेले बारीक गोल मणी, माळाच माळा. कापावर, कापाच्या बाहेर, कोऱ्या पडद्यावर. दुसरी जाळी तशीच. तिसरी म्हणजे पांढऱ्या बरणीतला दाणा, जुन्या मातीचा, ज्यानं कुठल्याही कारखान्याची भट्टी पाहिलेली नव्हती. त्याच्यावरही स्फटिकांच्या कडेकडेनं मण्यांची झालर.

"कापूर," तंत्रज्ञ म्हणाला, आणि उठून बाहेर गेला.

त्या दुपारी मी बरण्यांच्या खोलीत बसून रडले नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पाच आठवडे गेले होते. नंतर मी डोळे पुसून कॅलेंडर पाहिलं. रोज जेवणाच्या सुट्टीत काप काढले, दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस आले, तर जमण्यासारखं होतं. तंत्रज्ञानं नमुना धरायची दांडी आणि टेबलावरची एकेक वस्तू धुवायला घेतली. तीन आठवडे तो ते करत होता. साहेबांनी त्याला मायक्रोस्कोप बंद का, म्हणून दोनदा झापलं.

खराब फोटो मी नियमाप्रमाणं सामायिक फोल्डरमध्ये ठेवले. आलेला प्रत्येक फोटो ठेवायचाच, चांगला असो वा वाईट, असा नियम आहे. तिसऱ्या जाळीच्या फोटोखालच्या पट्टीवर स्वच्छ लिहिलं होतं: राखीव बरणी, जुनी माती, न वापरलेला दाणा. खाली तंत्रज्ञाची आणि माझी आद्याक्षरं.

दर सोमवारी साहेब त्या फोल्डरमध्ये चक्कर मारायचे आणि जे देखणं दिसेल ते उचलायचे. माझं संगमरवरी वाक्यही असंच उचललेलं. दिवाळीच्या आधीच्या सोमवारी त्यांनी मला वर बोलावलं. त्यांच्या भिंतीएवढ्या पडद्यावर तिसऱ्या जाळीचा फोटो होता. स्फटिक, आणि भोवती काळी झालर. दिसायला खरंच सुंदर.

"हा कुणी काढला?"

"आम्ही दोघांनी, साहेब. सगळं खाली पट्टीवर लिहिलंय."

"म्हणजे काजळी स्फटिकांनाच धरते, तर. तुम्हीच सिद्ध केलंत." ते प्रसन्न हसले. "बैठकीत हाच घेऊ. ती पट्टी तेवढी काढून पाठवा, फार बारीक अक्षरं आहेत."

इथं मी त्यांना सांगू शकले असते. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हटलं, साहेब, मूळ फोटोला हात लावायची आम्हाला परवानगी नाही, तुम्ही मेलवर तसं लिहिलंत तर करते. त्यांनी माझ्यासमोरच लिहिलं. "पट्टी काढावी." दोन शब्द. मी खाली येऊन पट्टी काढली, पाठवली, आणि मेल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. त्या फोल्डरला मी काही नाव दिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तंत्रज्ञाला सांगितलं, तर तो बराच वेळ दांडीच पुसत राहिला.

"बारीक अक्षरं वाचाय चष्मा लागतो," एवढंच म्हणाला. "त्येंना शोभत न्हाई म्हनून घालत न्हाईत."

दिवाळीनंतरच्या बैठकीत ग्राहकाचे मुख्य अभियंता आले. सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ. फराळाच्या बशीतल्या चिवड्यातून ते एकेक शेंगदाणा शोधून खात होते आणि तेवढ्याच लक्षानं ऐकत होते. साहेबांनी प्रस्तावना केली, विज्ञानाच्या निर्ममतेबद्दल बोलले, आणि फोटो भिंतीवर आणला.

"हा बघा अपराधी," साहेब म्हणाले. "काजळी मातीला नाही, स्फटिकांना. आमच्या बाईंचे स्फटिक."

अभियंत्यांनी विचारलं, हा दाणा आमच्या नळकांड्यातल्या कुठल्या थरातला.

"मधल्या," साहेब म्हणाले. ते अजिबात अडखळले नाहीत. आजही मला त्यातलं सर्वांत जास्त काय आवडत असेल तर ते न अडखळणं.

अभियंत्यांनी शेंगदाणा खाली ठेवला आणि म्हणाले, खालची पट्टी दिसली तर बरं होईल, थर नोंदवायचा आहे. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

"बाई, पट्टी कुठंय?"

"तुम्ही काढायला सांगितली होती, साहेब. मेल आहे."

मूळ फोटो उघडला. अक्षरं खरंच बारीक होती. तंत्रज्ञानं ती मोठ्यानं वाचली, एकेक शब्द वेगळा करून, शाळेत धडा वाचतात तशी. राखीव बरणी. जुनी माती. न वापरलेला दाणा.

अभियंत्यांनी शांतपणे विचारलं, जो दाणा आमच्या कारखान्यात आलाच नाही, त्याच्यावर ही काजळी आली कुठून. साहेब तंत्रज्ञाकडं वळले. त्या वेळी त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं असं मला वाटतं.

"कापराची हाय साहेब," तंत्रज्ञ म्हणाला. "खंडेनवमीची. दोनदा आरती झाली व्हती."

मग मी उठले. नव्या जाळ्यांचे फोटो, पट्ट्यांसकट. जुन्या मातीचा वापरलेला दाणा: केस नाहीत. नव्या मातीचा वापरलेला: केसच केस, टोकांना लोखंड. दोन्ही मातींचे न वापरलेले: स्वच्छ. मी नऊ मिनिटं बोलले आणि एकही विशेषण वापरलं नाही. ते मी आदल्या रात्री एकेक करून खोडले होते; सूडाला विशेषणं सोसत नाहीत. शेवटी दोन बरण्या टेबलावर ठेवल्या. अभियंत्यांनी वरणाच्या रंगाची बरणी उचलली.

"माती कधी बदलली?"

उत्तराची गरज नव्हती. येताना ते स्वागतकक्षात दहा मिनिटं बसले होते, आणि फलकावर तारीख होती.

मी जुन्या शोकांतिका वाचलेल्या आहेत. त्यांत सूड घेणारा शेवटच्या अंकात स्वतःही मरतो. चाकणला तसं होत नाही, बस सव्वासहाला सुटते. त्या संध्याकाळी मी चढले आणि सरळ तिसऱ्या रांगेत बसले. शेजारी बसलेल्या हिशेब विभागातल्या बाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली, जणू माझी जागा आजवर त्यांनी धरूनच ठेवली होती.

सूडानं समाधान मिळत नाही, असं शहाणे लोक सांगतात. मला मिळालं. बरेच महिने पुरलं. बैठकीतला तो एक क्षण मी बसमध्ये, स्वयंपाकघरात, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत पुन्हा पुन्हा काढून पाहिला, आणि तंत्रज्ञानं बजावलं होतं तरी तो काही काळा पडला नाही. पडला असेल तर मला दिसला नाही. वाईट वाटलं ते एवढंच, की तंत्रज्ञानं तीन आठवडे बोलणी खाल्ली आणि मी ती थांबवली नाहीत, कारण थांबवली असती तर साहेबांना कापराचं कळलं असतं. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, माहीत हाय.

जुनी माती परत आली. माझी फाइल उघडली गेली, दाणे तेरा महिने चालले. साहेबांना काढलं वगैरे नाही. त्यांना "मुख्य मार्गदर्शक" केलं आणि पहिल्या मजल्याच्या टोकाची खोली दिली, जिथं मार्गदर्शन घ्यायला कुणी जात नसे. पुढच्या वर्षी ते शाल, श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. निरोपाचं भाषण कुणी लिहायचं असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी लिहिलं. चांगलं झालं. साहेबांनी जाताना त्याची प्रत मागून घेतली.

मायक्रोस्कोपच्या खोलीत आता आग नेता येत नाही. तसा लेखी नियम झाला, त्यावर तीन सह्या आहेत. खंडेनवमीचं टेबल त्यामुळं स्वागतकक्षात मांडतात, समोरच्या भिंतीला टेकून, बरोबर संगमरवराखाली. कापराची काजळी वर चढते. साहेबांचं नाव पाटीच्या तळाशी असल्यामुळं आधी ते काळं होतं, वाक्यापर्यंत फारसं पोचत नाही. भांडी घासायच्या साबणानं निघतं.